गाडी पळते हो, घोडं अडतं ते प्लगपाशी

माननीय संपादक,

तुमच्या पेपरात मध्यंतरी एका वाचकाचं पत्र आलेलं की इलेक्ट्रिक गाडी म्हणजे पैसेवाल्यांचं खेळणं, सामान्य माणसाने तिच्या नादी लागू नये, बॅटरी संपली की बसा धक्के मारत. मी फोंड्याला राहतो, नोकरी पणजीला, आणि गेली दोन वर्षं हिरव्या नंबरप्लेटची छोटी इलेक्ट्रिक गाडी चालवतो, बॅटरी २४ युनिटची, म्हणजे काही फार मोठी नाही. पैसेवाला तर अजिबात नाही, हप्ते अजून चालू आहेत. म्हणून म्हटलं आपणही चार ओळी लिहाव्यात.

रेंजचं आधी सांगतो कारण लग्नात भेटलेला माणूससुद्धा 'एका चार्जला किती जाते' हे आधी विचारतो आणि घरचे कसे आहेत ते नंतर. अहो पण आपला गोवा केवढा? उत्तरेच्या सीमेवरच्या पत्रादेवीला सुरू करून हायवेने पार दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत गेलात तरी दीडशे किमीच्या आतच काम. फोंडा-पणजी ३० किमी, जाऊन येऊन ६०. कंपनीच्या कागदावर काहीही लिहिलेलं असू दे, एसी लावून माझी गाडी १८० च्या आसपास जाते, म्हणजे रोज लावायची पण गरज नाही, एक दिवस सोडून लावतो. भोमला आणि बाणस्तारीच्या पुलावर सकाळी जी लाईन लागते तिथे पेट्रोलची गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पिते, ही गप्प उभी, एसीपुरतीच खाते. उलट मोकळ्या हायवेवर शंभरच्या वर न्या, आकडा भराभर उतरतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये परवडते आणि मोकळ्या रस्त्यावर खाते, सवय व्हायला महिना गेला माझा.

पैशाचं म्हणाल तर महिन्याला १५०० किमी होतात. जुनी गाडी या ट्रॅफिकमध्ये लिटरला पंधरा द्यायची, म्हणजे शंभर लिटर, आणि पेट्रोल शंभरीच्या आसपास. २०१२ मध्ये पर्रीकरांनी व्हॅट जवळपास शून्यावर आणलेला तेव्हाचे भाव राहिले असते तर मी पण या वाटेला गेलो नसतो, बांदा-सावंतवाडीची माणसं टाक्या भरायला इकडे यायची ते आठवतं ना? आता वीज बिलात वाढ होते ती दीड हजाराच्या आत. पण हे सगळ्यांना लागू नाही हेही सांगतो. गाडी घेतानाच पेट्रोलवालीपेक्षा काही लाख जास्त मोजावे लागतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, इलेक्ट्रिकचा आधीपासून ५ आहे तो तेवढाच राहिला, म्हणजे दोघींच्या किमतीतला फरक उलट वाढला. जो रोज दहा-पंधरा किमी फिरतो त्याला हे पैसे वसूल व्हायला बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी संपेल कदाचित.

आता खरी गोष्ट. गाडी आणली, पूजा झाली, नारळ फोडला, रात्री पडवीतल्या १५ अँपियरच्या सॉकेटला चार्जर लावला आणि डब्यावर लाल दिवा. काढून परत लावला, परत लाल. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने टेस्टर लावला, बोर्ड उघडला आणि म्हणाला, 'बाब, हांगा अर्थिंग खंय आसा?' अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर भिंतीत जात होती आणि पुढे कशालाच जोडलेली नव्हती! आजोबांच्या वेळचं चिऱ्यांचं घर, त्यात फ्रीज, मिक्सर, गिझर सगळं वर्षानुवर्षं तसंच चाललेलं, कोणाला शॉक लागला नाही ही देवाची कृपा. गाडीचा चार्जर मात्र शहाणा, अर्थिंग नसेल तर तो करंट घेतच नाही. मग अर्थिंगसाठी खड्डा खणायचा तर अंगणात तीन फुटांवर जांभा लागला, पहार वाजायला लागली, शेवटी विहिरीच्या बाजूला ओल बघून खणला, पाईप उभा केला, कोळसा आणि मिठाचे थर घातले, पट्टी ओढून बोर्डापर्यंत आणली. साडेचार हजार गेले. जाताना तो सांगून गेला की उन्हाळ्यात ह्यात पाणी घालत राहा. मी विसरलो, आणि मे महिन्यात एका रात्री परत लाल दिवा. तेव्हापासून आई सकाळी तुळशीला पाणी घालते आणि मग एक बादली गाडीच्या खड्ड्यात, आणि मी निघताना विचारते, 'गाडीक उदक घातलां, आनी कितें जाय?'

हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. गोव्यातल्या कितीतरी जुन्या घरांत हीच परिस्थिती असणार आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, तिथे फक्त सनरूफ आणि टचस्क्रीन दाखवतात.

माझं निदान स्वतःचं अंगण आहे. ऑफिसमधला एक मित्र ताळगावला फ्लॅटमध्ये राहतो, दुसरा मजला, खाली स्टिल्ट पार्किंग. गाडी बुक करायच्या आधी त्याने सोसायटीला पत्र दिलं की माझ्या मीटरवरून पार्किंगपर्यंत स्वखर्चाने वायर आणतो. कमिटी म्हणाली आज तुम्ही, उद्या अजून दहा जण, आग लागली तर जबाबदार कोण? जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते असं त्यात स्पष्ट होतं, त्याने प्रिंट काढून दिली तरी मीटिंगमध्ये विषय 'पुढे ढकलला'. खरं तर कमिटीचं पण अगदीच चुकीचं नाही, बाल्कनीतून एक्सटेंशन सोडून चार्ज करणारे महाभाग मी पाहिलेत. वीज खात्याने पार्किंगमध्येच वेगळा मीटर आणि पक्कं वायरिंग द्यायची सोय केली तर वाद मिटेल.

सरकारी कागदावर सगळं छान आहे. २०२२ च्या त्याच तत्त्वांत होतं, शहरात ३ बाय ३ किमीच्या चौकोनात एक चार्जिंग स्टेशन, हायवेवर दर २५ किमीला एक. मागच्या दिवाळीत बेळगावला मेहुणीकडे गेलो, चोर्ला घाटातून. चढताना टक्के सरसर उतरले, पोचेपर्यंत २८ उरलेले, रात्रभर त्यांच्या घरच्या सॉकेटवर लावली पण मध्ये लाईट गेली म्हणून सकाळी ७० च होते. घाट उतरताना दोन-तीन टक्के उलटे वर चढले ते बघून मुलं टाळ्या वाजवत होती. गोव्यात आल्यावर म्हटलं वाटेत थोडी भरून घेऊ, नाव नाही लिहीत पण ॲपवर 'उपलब्ध' दाखवत होता तो फास्ट चार्जर, गेलो तर समोर पेट्रोलची गाडी पार्क करून मालक जेवायला गेलेला, तो वीस मिनिटांनी आला, गाडी काढली आणि मग कळलं की चार्जरची स्क्रीनच काळी आहे. नंबर लावला तर हिंदीत 'तक्रार नोंदवली आहे'. घरी पोचलो हो, १९ टक्क्यांवर, पण बायको पूर्ण रस्ता बोलली नाही. आणि हे चार्जर चालू असले तरी युनिटला वीस-बावीस रुपये घेतात, घरच्या चौपट.

आता अशा परिस्थितीत जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेलं की जानेवारी २०२४ पासून पर्यटनासाठीच्या नवीन गाड्या इलेक्ट्रिकच हव्यात. कल्पना चांगली, पण गाडी भाड्याने घेतलेला पाहुणा तिसऱ्या मजल्यावरच्या एअरबीएनबीत उतरतो, तो रात्री गाडी लावणार कुठे? आणि पावसाळ्यात आमच्याकडे माड तारांवर पडला की रात्र काळोखात, मी जूनपासून गाडी ६० टक्क्यांच्या खाली येऊच देत नाही. (वीज कोळशाचीच ना, मग गोव्यात वीज आणण्यासाठी मोलेंचं जंगल तोडणाऱ्या तमनार प्रकल्पाच्या लाईनला विरोध करून हीच गाडी कशी चालवता, असं एकाने मला विचारलं. उत्तर माझ्याकडे पण नाही पटकन.)

मागणी एवढीच, वीज खात्याने गाडी घेणाऱ्याच्या घरचं अर्थिंग तपासून द्यावं, फी घ्या हवी तर, आणि बंद चार्जर कधी सुरू होणार त्याची तारीख त्या चार्जरवरच चिकटवावी.

ताळगावच्या मित्राने गेल्या सोमवारी ऑफिसात पेढे वाटले. नवीन गाडी आली, पेट्रोलची.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा