दिल्लीदर्शनात घाई नको
महोदय,
सुटीत महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या सहलींत लाल किल्ल्याच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो आणि दिवाण-ए-खाससमोर छायाचित्र काढून मंडळी बसकडे परततात, याचे वाईट वाटते. याच दालनाचे चांदीचे छत पानिपतापूर्वी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवण्यासाठी उतरवले होते. संगमरवरी खांबांवरचे फुलांचे जडावकाम न्याहाळताना मराठी माणसाला हे ठाऊक असायलाच हवे. कुतुब परिसरातही सुमारे ७३ मीटर उंच मिनार पाहून निघालेल्यांचे, मशिदीच्या ओवऱ्यांतील जुन्या मंदिरांच्या खांबांवर कोरलेल्या साखळ्या-घंटांकडे लक्षच जात नाही. सहल-आयोजकांनी खरेदीचा वेळ कमी करून या दोन्ही ठिकाणांना प्रत्येकी अर्धा दिवस द्यावा, ही कळकळीची विनंती. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हेही कार्यक्रम आखताना ध्यानात घ्यावे.
– एक वाचक, पुणे