नऊ फुटांची गाडी, दहा फूट एक इंच

सोलापूर
दि. 10 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 19 ते 23 जानेवारी 2025 या काळात भाड्याने घेतलेल्या मोटारहोमच्या अनामतीतून कापलेले 18,600 रुपये परत मिळणेबाबत.

महोदय,

आपला 3 फेब्रुवारीचा ईमेल मिळाला. ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे छतावरील एसीचे नुकसान’ झाल्याचे सांगून आमच्या 25,000 रुपयांच्या अनामतीतून 18,600 रुपये कापल्याचे आपण कळवले आहे. निष्काळजीपणा हा शब्द मी 31 वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांत लिहीत आले. तो कोणाच्या नावापुढे लिहायचा, एवढे मला कळते.

मी निवृत्त मराठी शिक्षिका. माझे पती एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, अवजड वाहनाचा परवाना त्यांच्याकडे आजही आहे. सोलापूरच्या आसपास ज्या नवलाच्या जागांवरून आम्ही जन्मभर बसने पुढे गेलो, पण कधी उतरलो नाही, तिथे या वेळी उतरायचे, मुक्काम गाडीतच करायचा, असा बेत होता. सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली आणि आम्ही निघालो. भाडे रोजचे 9,500 रुपये, पाच दिवसांचे आगाऊ भरले. मुलगा म्हणाला, एवढ्यात तिरुपती झाले असते. तिरुपती दोनदा झाले आहे.

पहिला दिवस चांगला गेला, तेही सांगते. विजापूर रस्त्यावरून आत वळून हत्तरसंग कुडलला गेलो. भीमा आणि सीना यांचा संगम, 359 मुखांचे शिवलिंग (मी मोजायला बसले होते, पन्नाशीच्या पुढे गोंधळ उडाला) आणि इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख. हा लेख जो वाचेल तो विजयी होईल, अशी त्यात ओळ आहे. आपला करारनामा मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता. त्याच्या बाबतीत तो नियम लागू नसावा.

त्या रात्री विजापुरात गाडीतले दिवे मंद झाले आणि फ्रीज बंद पडला. मी इन्सुलिन घेते, नव्या बाटल्या थंड ठेवाव्या लागतात, म्हणून फ्रीज चालू हवा, हे बुकिंग करतानाच फोनवर सांगितले होते. सकाळी पतींनी मल्टिमीटर लावला, तर आतल्या बॅटरीला 11.4 व्होल्ट. म्हणजे रिकामीच. दिवसभर गाडी पळाली, मग चार्ज का झाली नाही, म्हणून त्यांनी बाकाखालची फळी उघडली. इंजिनाकडून बॅटरीला येणारी वायर सुटलेली होती. सुटलेली म्हणजे तुटलेली नव्हे. तिच्या टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळली होती, वर प्लास्टिकच्या पट्टीने ती बाजूला बांधूनही ठेवली होती. हे आपोआप होत नाही. कोणीतरी बिघाड टाळण्यासाठी ती काढली आणि गाडी तशीच आम्हाला दिली. आपल्या मदत क्रमांकावर विचारले तर उत्तर मिळाले, “सर, गाडी थोडी जास्त चालवा, होईल चार्ज.” बत्तीस वर्षे बसगाड्यांची वायरिंग केलेल्या माणसाला हे सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण चहा अर्धा ठेवून उठले. ती वायर परत जोडायला त्यांनी हात लावला नाही, कारण करारात मनाई आहे. इन्सुलिन दोन दिवस बर्फ भरलेल्या थर्मासमधून फिरले.

गोलघुमटाच्या सज्जात भिंतीशी कुजबुजले की पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. मी कान लावून उभी होते. समोरून पतींचा आवाज आला, “फ्रीज बंद आहे.” शेजारची शाळेची मुले हसली. मीही हसले. बंद फ्रीजची भरपाई मी मागत नाही, पण नोंद असावी.

आता मुख्य तक्रार. विजापुरात मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. 55 टनांची तोफ, आणि ती 1632 मध्ये परांड्याच्या किल्ल्यावरून तिथे ओढत आणली. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले म्हणतात. तेव्हा ती जिथून निघाली तो परांडा पाहायचाच, हा हट्ट माझा. सोमवारी रात्री नळदुर्गला पोचलो. मंगळवारी बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल पाहिला (जानेवारीत नर-मादी धबधबे कोरडे असतात, तरी तिथला गारवा वेगळाच) आणि बुधवारी 22 तारखेला बार्शीवरून परांड्याकडे निघालो.

बार्शीजवळ एका आडरस्त्यावर रेल्वेखालून जाण्याचा मार्ग लागला. तोंडाशी लोखंडी कमान, त्यावर ‘उंची मर्यादा 3 मीटर’. पतींनी गाडी थांबवली. मी आपण दिलेली गाडीची पुस्तिका काढली. पान 4, ‘वाहनाची एकूण उंची 9 फूट’. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर, वर जवळपास दहा इंच जागा राहते. हा हिशोब मी मोठ्याने केला, त्यांनी पुन्हा विचारला, मी पुन्हा केला. मग त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने गाडी घातली. वर मोठा करकर आवाज झाला, पुढच्या काचेवर पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे पडले.

गाडी मागे घेतली. जवळच्या पेट्रोल पंपावर पती शिडीने वर चढले. एसीच्या माथ्यावर सरळ लाकडी पट्टी आडवी धरली, तिच्या टोकाला दोरी, दोरीला खाली नट बांधलेला, म्हणजे ओळंबाच. माझ्या पिशवीत शिवणकामाची टेप असते, ती साठ इंचांची. दोरीवर एकदा पूर्ण लागली, दुसऱ्यांदा पूर्ण लागली, वर एक इंच उरला. एकशे एकवीस इंच. दहा फूट एक इंच. फोटोत टेपवरचा आकडा वाचता येतो.

हा फूटभर फरक कुठून आला, तेही शोधले. आपली पुस्तिका जून 2022 मध्ये छापलेली आहे. एसीच्या पाठीवरच्या स्टिकरवर निर्मितीचे साल 2023 आहे. म्हणजे एसी नंतर बसवला, पुस्तिकेतला आकडा तसाच राहिला. आपल्या ईमेलमध्ये कलम 11 दाखवून ‘उंचीची खातरजमा करण्याची जबाबदारी ग्राहकाची’ असे लिहिले आहे. खातरजमा म्हणजे काय? गाडी थांबवली, पाटी वाचली, आपलेच छापील पान उघडले. आपल्या पानावर विश्वास ठेवायचा नाही, असे त्या पानावर कुठेही लिहिलेले नाही.

सकाळी 11.10 ला आपल्याकडे फोन केला. “अर्ध्या तासात माणूस पोचेल.” तो संध्याकाळी साडेसातला आला, त्याच्याकडे प्लास्टिकची ताडपत्री आणि दोरी होती. मधल्या वेळात आम्ही गाडी सोडून गेलो, असे उद्या म्हणाल, म्हणून आधीच सांगते : होय, गेलो. एक वाजेपर्यंत वाट पाहिली, पंपाच्या मॅनेजरला सांगितले, गाडीला कुलूप लावले आणि लाल बसने परांड्याला जाऊन किल्ला बघून आलो. बुरुजांवर अजून तोफा आहेत. बसचे तिकीट आपल्याकडे मागत नाही.

ताडपत्री बांधलेल्या त्या गाडीने पुढे निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहायला जाणे शक्य नव्हते. बुधवारी रात्रीच घरी परतलो, म्हणजे 23 तारखेचे भाडे गाडी न वापरता गेले.

तरी कापलेले 18,600 रुपये आणि 23 तारखेचे 9,500 रुपये, एकूण 28,100 रुपये, हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. शिवाय खरी उंची स्टीअरिंगसमोर ठळक लिहून लावावी. शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आता माझ्यासारखी पुष्कळ माणसे अशी गाडी घेऊन अनोळखी रस्त्यांवर जातील, आणि पुढच्या कमानीखाली वेग जास्त असेल तर नुसता एसी जाणार नाही.

रक्कम न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. नव्या कायद्यात तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे तारखेला सोलापूरला यावे लागेल ते आपल्याला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही. सोबत पुस्तिकेच्या पान 4 ची प्रत, टेपचे, स्टिकरचे आणि टेप गुंडाळलेल्या वायरचे फोटो, भाड्याची पावती व फोनच्या नोंदी जोडल्या आहेत.

कळावे,

आपली ग्राहक
(स्वाक्षरी)

ता. क. : गाडीतले चहाचे गाळणे चुकून आमच्या पिशवीत आले आहे. धुऊन ठेवले आहे. आपला माणूस अर्ध्या तासात पोचला की देते.