हिरवी सवत

ती. आई-बाबांस, सा. न.

रविवारी 'ब्लाइथ स्पिरिट' हा सिनेमा लावाल तेव्हा आधी साल बघा. दिग्दर्शक डेव्हिड लीनचा, १९४५चा हवा. याच नावाचा २०२०चाही आहे, तो नको. दीड तासाच्या थोडा वर आहे. संवाद फार भरभर येतात, सबटायटल चालू ठेवा.

चार्ल्स हा लेखक. कादंबरीसाठी माहिती हवी म्हणून घरी प्लँचेट करवतो आणि सात वर्षांपूर्वी वारलेली पहिली बायको, एल्व्हिरा, खरंच अवतरते. दुसरी, रूथ, त्याच खोलीत. मेख अशी की एल्व्हिरा दिसते नि ऐकू येते ती फक्त चार्ल्सला. तो तिच्यावर खेकसतो, रूथला वाटतं आपल्यावरच. नोएल कॉवर्डच्या मूळ नाटकात (लंडनमध्ये १,९९७ प्रयोग झाले!) हे सोपं होतं, तिघंही सतत डोळ्यांसमोर असतात. सिनेमात क्लोजअप आला की नजरेची दिशा जराशी चुकली तरी विनोद मेला. म्हणून चार्ल्स झालेल्या रेक्स हॅरिसनचे डोळे बघत राहा.

बाबा, भूत आरपार का दिसत नाही, हे तुम्ही विचारणारच. डबल एक्स्पोजरमध्ये (एकाच फिल्मवर दोन चित्रं एकमेकांवर घेणं) तिला खोलीभर मोकळं हिंडता आलं नसतं, कॅमेराही जखडला असता. त्याऐवजी एल्व्हिरा झालेल्या के हॅमंडचा चेहरा आणि कपडे हिरवट केले, ओठ-नखं लालभडक, आणि ती जाईल तिथे तिच्यावर वेगळा झोत. खोली अंधारी असली तरी ती उजळच. ऑस्कर मिळालं ते स्पेशल इफेक्ट्सचं, पण माझ्या मते खरी करामत मेकअप आणि लाइटवाल्यांची. टीव्ही 'व्हिव्हिड'वर (भडक रंगांच्या सेटिंगवर) ठेवलात तर सगळेच चेहरे रंगवल्यासारखे दिसतील आणि तिचं वेगळेपण जाईल. जुनी, विटलेली प्रत तर नकोच.

आई, प्लँचेट करणारी मादाम आर्काती, म्हणजे मार्गारेट रदरफोर्ड, तुला नक्की आवडेल. सायकलवरून येते. तिने ही बाई भोंदू केलेली नाही, स्वतःच्या विद्येवर तिचा पक्का विश्वास आहे. आपण बोलावलेलं भूत आपल्यालाच दिसत नाही, तरी ते आलंय म्हटल्यावर काय हरखते!

शेवट सांगत नाही. नाटकापेक्षा वेगळा आहे, कॉवर्डला तो रुचला नव्हता. मला मात्र हाच जास्त पटतो. गाडीची भानगड सुरू झाली की चहा टाकायला उठू नका, तिथे एक मिनिट चुकलं तर पुढचं काही लागणार नाही.

तुमची,
मीनल