मागच्या तारखेचा फेरफार

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतलं परीक्षण वाचून मूर्तिचोरीवरची ती रहस्यकादंबरी वाचनालयातून आणली. दोन खून, बोटीवरचा पाठलाग, सगळं आहे. चोरीची मूर्ती विकतात कशी, हे मात्र लेखकाने दीड पानात उरकलंय. मी निवृत्त तलाठी; मला खरं रहस्य त्या दीड पानातच दिसलं.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनचा चोळकालीन नटराज घ्या. देवळातून चोरीला गेलेली ही कांस्यमूर्ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतली. कागद चोख! कुणा सुदानी मुत्सद्द्याने म्हणे ती १९७० च्या आसपास दिल्लीत घेऊन बाहेर नेली. साल बघा. जुन्या मूर्ती देशाबाहेर न्यायला आळा घालणारा आपला पुरावशेष कायदा १९७२ चा, म्हणून कागद त्याच्या आधीचा. आमच्या भाषेत सांगायचं तर मागच्या तारखेचा फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद जुनी तारीख घालून केलेली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्याच देवळात १९७० नंतर काढलेले मूर्तीचे फोटो निघाले आणि बिंग फुटलं. २०१४ मध्ये नटराज परत आला. विक्रेता सुभाष कपूर २०११ लाच फ्रँकफर्टला सापडला होता. मूर्तिचोरीच्याच एका खटल्यात २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली.

आमच्या भैरोबाची पंचधातूची उत्सवमूर्ती गेली, तेव्हा हवालदाराने पहिल्यांदा फोटोच मागितला. अख्ख्या गावात एक निघाला, तोही माझ्या पुतण्याच्या लग्नातला. देवाच्या अर्ध्या अंगावर नवरदेवाचा फेटा, उरलेल्यावर झेंडू. उंची विचारली तर गुरव म्हणाला वीतभर, पाटील म्हणाले हातभर. तक्रारीत ‘अंदाजे एक फूट’ लागलं. मी उभी हयात लोकांची जमीन गुंठ्या-गुंठ्याने लिहिली, आणि आमच्या देवाची ही नोंद! मूर्ती अजून मिळालेली नाही. उद्या मिळाली तरी ती आमचीच, हे कशावरून सांगणार?

नव्या मूर्तीच्या वेळी गुरव अडून बसला, वस्त्राशिवाय देवाचा फोटो काढू देईना. शेवटी पडदा लावून समोरून, पाठून आणि तळाचा असे फोटो घेतले, शेजारी नातीची स्टीलची पट्टी ठेवून. एक प्रत देवळाच्या दप्तरात, एक माझ्या ट्रंकेत. देवस्थानं धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेब देतातच. त्यालाच असे फोटो जोडायला सांगावं, एवढी विनंती. पट्टी मात्र मूर्तीला टेकवूनच ठेवावी. ती पुढे-मागे राहिली की माप चुकतं; आमचे पहिले फोटो त्यापायीच फुकट गेले.

आपला,
एक निवृत्त तलाठी, ता. खटाव, जि. सातारा