फिरतीवरच्या काकांना

ती. काका आणि काकूंस,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. घातलं तर तुम्ही रागावणार नाही, फक्त चष्मा काढून पुसत बसाल, आणि ते मला जास्त लागेल.

पुढच्या महिन्यात आपली नौपाड्यातली इमारत रिकामी होतेय. बिल्डरच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात तुम्ही लिहिलंत, ‘निवृत्त, केंद्र सरकार’. सेक्रेटरींनी विचारलं, खातं कुठलं? तुम्ही म्हणालात, “पेन्शन वेळेवर येते, तेवढं पुरे.” मी मागेच उभी होते.

लहानपणी आम्हा पोरांत तुमच्यावरून दोन तट होते. एक म्हणायचा, काका जनगणनेत आहेत. दुसरा म्हणायचा, पोस्टात. काकूंना विचारलं की उत्तर ठरलेलं, “ते फिरतीवर आहेत.” गणपतीत फिरतीवर, मुलीच्या दहावीच्या निकालाला फिरतीवर. तुमच्या आई गेल्या तेव्हा तुम्ही अकराव्या दिवशी पोचलात; तोवरचं सगळं काकूंनी आणि माझ्या आईनं निभावलं. मे महिना होता, अंगाची लाही होत होती, आणि जिन्याशी बूट काढलेत तर पायात लोकरीचे मोजे! कुठून आलात, हे कुणी विचारलं नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

आमच्या धाकट्याला बँकॉकमधल्या ‘डिजिटल मार्केटिंग’ची नोकरी लागली होती. पगार महिना ऐंशी हजार, राहणं-खाणं फुकट, तिकीटही तेच काढणार. आई पेढे घेऊन वर आली. तुम्ही पेढा घेतलात, त्याला बसवलंत आणि चहा होईपर्यंत साधेच प्रश्न विचारलेत. मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा पाहिलास का? (नाही, कॅमेरा बिघडला होता म्हणे.) व्हिसा नोकरीचा की फिरायचा? एजंटचा नोंदणी क्रमांक? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी विचारलंत, “विमानतळावरून ऑफिसला किती वेळ?” तो म्हणाला, गाडी येईल, सातेक तास, मे सोट का काहीतरी.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मोबाइलवर नकाशा उघडून त्याच्याच हातात दिलात. मे सोट हे थायलंडचं शेवटचं गाव. मोएई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. तो नकाशा बोटांनी मोठा करत राहिला आणि त्याचा चहा गार झाला. “जाऊ नकोस” हे तुम्ही म्हणालाच नाहीत. म्हणालात, “एकानं सांगितली ती खबर. दुसऱ्या वाटेनं तीच आली तर माहिती. तू दुसरी वाट शोध.” त्यानं नोंदणी क्रमांक मागितला त्या रात्रीच एजंटनं त्याला ब्लॉक केलं.

मार्च २०२५ मध्ये म्यावाडीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत परत आणलं. ती बातमी आमच्या धाकट्यानं उभ्यानं पाहिली. संपल्यावर तो जिना चढून तुमच्याकडे आला होता. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलेलं नाही. तोही तुमच्याच वळणावर जातोय की काय!

पुढच्याच महिन्यात पहलगाम झालं. २६ माणसं गेली, त्यातले तिघे आपल्या डोंबिवलीचे. दुसऱ्या दिवशी मी वर पेपर द्यायला आले. आत कुठेतरी बातमी होती की मृतांमध्ये इंटेलिजन्स ब्युरोचा, म्हणजे आयबी या केंद्राच्या गुप्तचर संस्थेचा, एक अधिकारी आहे, हैदराबादला नेमणुकीस होता, बायकामुलांना घेऊन सुट्टीवर आला होता. तुम्ही ती दोनदा वाचलीत, पेपरची घडी घातलीत आणि म्हणालात, “आमच्यातला होता.” काकू ओट्याशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला. पस्तीस वर्षांत त्या घरातून बाहेर पडलेली ही पहिली बातमी असावी, आणि तीही दोन शब्दांची.

मग मी वाचायला लागले. आयबीच्या माणसाला अटक करायचा अधिकार नसतो. त्यानं माहिती काढायची, पोलिसांच्या हातात द्यायची, फोटो त्यांचा छापून येणार. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा या संस्थांना मोजके अपवाद सोडून लागू नाही. २०२१ पासून निवृत्तीनंतरही कामाबद्दल काही छापायचं तर आधी परवानगी लागते. म्हणजे तुम्ही आठवणी लिहाल आणि मी वाचेन, ही आशा सोडली.

एक मात्र तुम्ही आपणहून दाखवलंत. दर २१ ऑक्टोबरला सकाळी तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत दोन मिनिटं उभे राहता. मला वाटायचं, कुणाचं तरी श्राद्ध. विचारलं तेव्हा म्हणालात, “हॉट स्प्रिंग्ज.” १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस पडले; देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात तो त्यांच्यासाठी. त्या तुकडीचं नेतृत्व करणारे करम सिंग हे आयबीचे अधिकारी होते, हे मला तुमच्याकडून कळलं. तो प्रदेश सुमारे १६ हजार फुटांवर आहे. लोकरीच्या मोज्यांचं मी तुम्हाला विचारलं नाही.

मी उत्साहात बहिर्जी नाईकांचं नाव काढलं. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी आहे, आपण सगळे जाऊ या, म्हटलं. तुम्ही हसलात. “बहिर्जींचं नाव तरी राहिलं. सुरतेत आधी जाऊन बसलेल्या त्यांच्या माणसांची नावं सांग.” मला एकही सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

आणि आता जे लिहायला जड जातंय ते. २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. “गुप्तचर काय झोपा काढत होते?” हे सगळ्यात मोठ्यानं विचारणारे माझे बाबा होते. चुका झाल्या होत्या, त्या पुढे चौकशीतही निघाल्या. प्रश्न विचारणं गैर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तुम्ही त्याच गच्चीवर होतात. तीन दिवसांनी घरी आला होतात, डोळे तांबारलेले. काही न बोलता सगळ्यांनी ठेवून दिलेल्या खुर्च्या एकात एक घालून रचत होतात. सगळ्यात वरची बाबांची होती.

काकू, तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. काकांना निदान कशासाठी गप्प बसायचं ते ठाऊक होतं. तुम्ही तेही न विचारता दाराशी उभं राहून “फिरतीवर आहेत” म्हणत राहिलात. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत सोयऱ्यांनी खोदून विचारलं, तेव्हा तुम्ही चटकन कांदेपोहे पुढे केलेत. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायला आई आली होती, हे ती अजून सांगते.

बाबा परवा म्हणाले, घरं बदलायच्या आत एकदा वर जाऊन बसायचंय. त्या मीटिंगबद्दल. सतरा वर्षं झाली, पण त्यांना खुर्च्या आठवतात. रविवारी संध्याकाळी घरी आहात ना? की फिरतीवर?

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची