नदी तापते तेव्हा

हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया
ऑगस्टचा दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पंधरा दिवसांपूर्वी हाती आले आणि उत्तर लिहायला मी मुद्दाम उशीर केला. इतके दिवस येथे उन्हाचा असा तडाखा होता की मी नदीवर गेलोच नाही, आणि नदीवर न जाता तुझ्या प्रश्नाचे उत्तर लिहावे, असे मला वाटेना. तू विचारले आहेस की तासन्‌तास पाण्यात उभे राहून, ऊन अंगावर घेऊन एक मासा गरवायचा आणि हाती आला की पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, तर मुळात तो गरवायचाच कशाला? सावित्रीच्या काठी आपण दोघांनी बांबूची काठी, तंगूस आणि गांडुळे घेऊन जी दुपार-दुपार काढली, तिचा शेवट तुझ्या आईच्या चुलीवर होत असे. त्यामुळे तुझा प्रश्न रास्त आहे. पुढच्या जुलैत तू येथे येणार आहेस आणि माझ्याबरोबर पाण्यात उतरणार आहेस, म्हणून आताच सविस्तर लिहितो.

आधी नदीविषयी सांगतो. सस्क्वेहॅना ही सुमारे सातशे किलोमीटर लांबीची नदी पुढे चेसापीकच्या उपसागराला मिळते. हॅरिसबर्गजवळ तिचे पात्र दीड किलोमीटरभर रुंद होते. पण उन्हाळ्यात ती इतकी उथळ असते की कित्येक ठिकाणी मधोमध उभे राहिले तरी पाणी मांडीच्या वर जात नाही. पात्रात खडकांच्या लांबच लांब पट्ट्या आडव्या-तिरप्या पसरलेल्या आहेत. पाणी त्यांच्यावरून खळाळत खाली उतरते आणि प्रत्येक पट्टीच्या पायथ्याशी छातीएवढा लहानसा डोह तयार होतो. शहराच्या वरच्या अंगाला रॉकव्हिलचा रेल्वेपूल आहे. तो 1902 साली बांधलेला, दगडी, अठ्ठेचाळीस कमानींचा आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाच्या अशाच खडकांत माझे बहुतेक उन्हाळे गेले आहेत. पात्रातल्या खडकाळ बेटांभोवती वॉटर विलो नावाची हिरवी झुडपे गुडघाभर पाण्यात दाटीने उगवतात. त्यांच्या जांभळट ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांकडे पहिल्यांदा नीट पाहिले, तेव्हा हे फूल कुठे तरी पाहिले आहे असे मला सारखे वाटत राहिले. नंतर कळले की ही वनस्पती आपल्या अडुळशाच्याच कुळातली, किंबहुना त्याच प्रजातीगटातली आहे. खोकला झाला की तुझी आजी परसातला अडुळसा काढायची, त्याचा हा पाण्यातला भाऊबंद. मी जो मासा गरवतो, त्या स्मॉलमाउथ बासची पिल्ले याच झुडपांच्या बुंध्यांत लपून मोठी होतात.

आता माशाविषयी. स्मॉलमाउथ बास दिसायला फार भपकेबाज नाही. त्याची पाठ जुन्या पितळी भांड्यासारखी हिरवट-तपकिरी असून अंगावर उभे काळपट पट्टे असतात. डोळा मात्र लालबुंद असतो, आणि पाण्याबाहेर येताच पहिल्यांदा तोच दिसतो. त्याचा भाईबंद लार्जमाउथ बास याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, याचा डोळ्याखालीच थांबतो. एवढ्या खुणेवरून दोघे वेगळे ओळखता येतात. हा मासा मूळचा या नदीचा नाही. त्याचे घर ग्रेट लेक्स, ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यांत, म्हणजे ॲपलेशियन डोंगरांच्या पलीकडे. 1854 साली व्हीलिंग शहराजवळच्या एका ओढ्यातले काही बास रेल्वेच्या इंजिनाला पाणी पुरवणाऱ्या टाकीत घालून डोंगर ओलांडून आणले गेले आणि पोटोमॅक नदीच्या काठच्या कालव्यात सोडले गेले. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. पुढच्या दोनेक दशकांत तो सस्क्वेहॅनातही आला आणि येथल्या खडकांत असा रुजला की आज ही नदी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

उन्हाळा या माशाला समजून घेण्याचा खरा काळ आहे. तळ्यातला बास पाणी तापले की खोल जातो. या जातीचा आजवर नोंदलेला सर्वांत मोठा मासा, अकरा पौंड पंधरा औंसांचा, म्हणजे सुमारे 5.4 किलोंचा, 9 जुलै 1955 रोजी केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवरील डेल हॉलो तलावात भर उन्हाळ्यातच सापडला होता. आमच्या नदीला मात्र खोली नाही, त्यामुळे येथल्या माशाला उन्हापासून पळून जायला जागाच नसते. तो मग खोली सोडून प्रवाह शोधतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि तापलेल्या पाण्यात कमी. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच्या आसपास. अडचण अशी की माशाचे रक्त पाण्याबरोबर तापते, त्यामुळे पुरवठा घटत असतानाच त्याची गरज वाढत जाते. त्यात रात्री पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळही प्राणवायू वापरतात, म्हणून सूर्योदयाच्या आधी संथ पाण्यात तो सर्वांत कमी उरलेला असतो. जेथे पाणी खडकावर आपटून फेसाळते, तेथे हवा रात्रभर पाण्यात मिसळत राहते. जुलै-ऑगस्टमध्ये चांगला बास अशा खळाळाच्या अगदी कडेला, धावते पाणी आणि संथ पाणी जेथे एकमेकांना घासते त्या रेषेवर उभा असतो. संथ बाजूला राहिल्याने त्याला श्रम पडत नाहीत आणि पलीकडून वाहून येणारे खाद्य आयते तोंडासमोर येते.

ही रेषा दिसायला लागली की अर्धे काम झाले. मला ती दिसायला तीन उन्हाळे लागले. पृष्ठभागावर फेसाचे लहान लहान ठिपके एका ओळीत सावकाश सरकत असतात. ती ओळ डोळ्यांनी धरायची आणि तिच्या वरच्या टोकाला आमिष टाकायचे. पाणी उन्हाळ्यात काचेसारखे स्वच्छ असते, म्हणून तंगूस बारीक लागतो आणि फेक लांबची लागते, कारण आपली सावली पडली की मासा हलतो. येथला बास मुख्यतः क्रेफिशवर जगतो. हा प्राणी म्हणजे कोळंबीला खेकड्याच्या नांग्या फुटाव्यात तसा. दगड उलटला की खाली सापडतो आणि शेपटीच्या झटक्यासरशी उलटा पळतो. म्हणून मऊ रबराचे तपकिरी आमिष तळाला टेकवून, मध्येच एक झटका देऊन परत निजू द्यायचे असते. माझा जीव मात्र एका साध्या बनावटीच्या आमिषावर जडला आहे. आमच्याच खालच्या अंगाला मिडलटाउन नावाचे गाव आहे. तेथले बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात याच नदीतल्या याच माशासाठी केसांचा एक लहानसा नकली मासा बांधला. गळाच्या डोळ्यापाशी डंबेलच्या आकाराचे दोन जड मणी असे बांधलेले असतात की त्यांच्या वजनाने गळ पाण्यात उलटा होऊन त्याचे टोक वर राहते आणि खडकात अडकत नाही. ओढ दिली की तो वर येतो, थांबले की डोके खाली घालून बुडतो, आणि बास त्याला नेमका बुडतानाच घेतो. क्लाउझर मिनो या नावाने तो आज जगभर वापरला जातो. तुझ्यासाठी सहा बांधून ठेवले आहेत.

मासा लागला की आधी नुसता जडपणा जाणवतो, जणू तळातले ओंडके धरले आहे. मग ते ओंडके चालू लागते. तंगूस पाणी कापत वरच्या अंगाला जातो, क्षणभर सैल पडतो, आणि त्या क्षणी मासा हवेत असतो, डोके हिसडत, कल्ले फुगवून. दीड किलोचा बास काठी दुहेरी वाकवतो. हे सुख मी तुला शब्दांत देऊ शकणार नाही, आणि ते मला अजूनही हवेहवेसे वाटते हे तुझ्यापासून लपवण्याचे कारण नाही.

पण येथे तुला ती गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आजवर कोणालाही लिहिली नव्हती. येथे आल्यानंतरचा माझा चौथा उन्हाळा होता. जुलैची दुपार, सलग आठवडाभर पाऊस नाही, पाणी पायांना अक्षरशः कोमट लागत होते. मला तोवरचा सर्वांत मोठा बास लागला. मी हलकी काठी वापरत होतो, त्यामुळे त्याला आणायला फार वेळ लागला, आणि तो दमेपर्यंत खेळवण्यात मला आनंदही वाटत होता. मग मी त्याला वर धरले, मोजले, फोन काढला, एका हाताने छायाचित्र नीट येईना म्हणून पुन्हा काढले. पाण्यात सोडला तेव्हा तो पोहून गेला नाही, कुशीवर झाला. मी त्याला दोन्ही हातांत प्रवाहाच्या तोंडाशी धरून बराच वेळ उभा राहिलो. त्याचे कल्ले आधी भराभर उघडत-मिटत होते, मग थांबून थांबून, मग एकदाच उघडले. अंगावरचे पट्टे फिकट होत गेले आणि डोळ्याचा लाल रंग तसाच राहिला. एवढ्या मापाचा मासा व्हायला या नदीत आठ-दहा वर्षे लागतात. पुढचे महिनाभर मी काठीला हात लावला नाही.

तेव्हापासून माझ्या खिशात थर्मामीटर असतो. पाणी सत्तावीस अंशांच्या वर गेले की मी मासा गरवत नाही, मग सुटीचा दिवस असो वा पाहुणा आलेला असो. त्याखाली असले तरी जाड काठी घेतो आणि मिनिटा-दीड मिनिटात मासा आणतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो, हात ओले करून मगच त्याला शिवतो, आणि शक्यतो पाण्याबाहेर काढतच नाही. खालच्या जबड्यात अंगठा घातला की तो शांत होतो. त्याचे दात कानशीसारखे खरखरीत असतात, चावत नाहीत. गळ सोडवायचा आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरायचे. तो स्वतः शेपटीचा फटका देऊन हातातून निघाला पाहिजे, आपण ढकलायचे नाही.

या नदीला तर ही काळजी फारच लागते. 2005 च्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले, तापले, आणि त्याच वर्षी जन्मलेली बासची पिल्ले अंगावर जखमा होऊन मोठ्या प्रमाणावर मेली. पुढची कित्येक वर्षे ते थोड्याफार प्रमाणात होत राहिले. काही नरांच्या शरीरात अंडपेशीही आढळल्या. अभ्यासकांचा रोख रोगजंतू आणि परजीवी यांच्याबरोबरच शेतांतून व वस्त्यांतून वाहून येणाऱ्या, शरीरातल्या संप्रेरकांची घडी विस्कटणाऱ्या रसायनांकडे होता. पेनसिल्व्हेनिया फिश अँड बोट कमिशनने नंतर नदीच्या या पट्ट्यात पकडलेला बास लगेच सोडण्याचा नियम केला, आणि वसंतात नर घरट्यावर अंडी राखत असतो त्या काळात त्याच्या मागे लागण्यासही मनाई केली. मासे आता पुष्कळ सावरले आहेत. म्हणजे सोडून देणे हा येथे आधी कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी सोडलाच असता. तुला वाळणकोंडचा डोह आठवतो ना? वरदायिनी देवीचे मासे म्हणून तेथल्या महसीरला कोणी गळ लावत नाही, आणि आपण पुलावरून खाऊ टाकला की ते हातभर लांबीचे मासे वर येत. ते कोणी का धरत नाही, असे तू तेव्हा विचारले नव्हतेस. मला वाटते, तुला उत्तर तेव्हापासूनच ठाऊक आहे. मी एवढेच म्हणेन की मला तो नुसता पाहून पुरत नाही. त्याचा जोर एकदा हाताला जाणवावा लागतो, आणि तो जाणवून घेण्याची किंमत त्याच्या जिवाने दिली जाऊ नये, याचा बंदोबस्त करणे माझ्याकडे लागते.

परवा रात्री वळवासारखा पाऊस झाला आणि काल सकाळी पाणी चोवीस अंशांवर आले. संध्याकाळी गेलो. या दिवसांत येथे पांढऱ्या माश्यांचा हंगाम असतो. तळाच्या गाळात वाढलेले किडे ऑगस्टच्या तिन्हीसांजेला एकदम पंख फुटून वर येतात. नर हवेत उठून पुन्हा एकदा कात टाकतात, माद्या पाण्यावर अंडी सोडतात, आणि काही तासांतच सगळा खेळ आटोपतो. काल अंधार पडता पडता नदीवर इतक्या माश्या उठल्या की पलीकडच्या कमानी दिसेनाशा झाल्या. टोपीवर, बाहीवर, ओठांवर माश्या बसत होत्या आणि माझ्या चारही बाजूंनी बास त्या वेचत होते. लहान मासे उड्या मारतात, पण मोठा मासा नुसते ओठ वर काढतो आणि गरम चहाचा भुरका घ्यावा तसा आवाज होतो. मी दोन मासे गरवले, दोन्ही सोडले आणि मग काठी काखेत धरून काळोख होईपर्यंत ते भुरके ऐकत उभा राहिलो.

तू येशील तेव्हा चामड्याच्या चपला आणू नकोस, त्या शेवाळावर घसरतात. फेल्टच्या तळव्याचे बूट माझ्याकडे जादा आहेत. शहराच्या खालच्या टोकाला डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा आहे. वरून तो निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या पायथ्याचे पाणी माणसाला आत ओढून फिरवत ठेवते, तिकडे आपण फिरकायचेदेखील नाही. परवान्याचे मी येथे पाहतो. आणि जुलै फार तापला, तर पहिले काही दिवस आपल्याला नुसते काठावर बसून राहावे लागेल, त्याची मनाची तयारी करून ये.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सावित्रीला यंदा पाणी कसे आहे, आणि चढणीचे मासे आले होते का, ते अवश्य कळव.

तुझाच,
जुना सोबती