आमच्या घराचा नकाशा खरा ठेवणाऱ्या काकाजींना

नागपूर

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या मानेवाड्याच्या घराचे भोगवटा प्रमाणपत्र हाती आले. आईने ते देवापुढे ठेवले, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि लगेच विचारले, "काकाजींना कळवलंस का?" मी फोन केला तेव्हा आपण "छान झालं, मूळ प्रत लॅमिनेट करू नका" एवढेच बोललात आणि आभाराचा शब्द येण्याआधीच आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत. जे फोनवर म्हणता आले नाही ते लिहून म्हणावे, यासाठी हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आमच्यासारखी जुन्या प्लॉटवरची, अर्धवट कागदांची घरे या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या एखाद्या घराला यातले काही उपयोगी पडू शकेल. आपले नाव मात्र लिहीत नाही. ते आपल्याला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे.

आपल्याकडे मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत बाबांनी १९८७ साली एका सोसायटीकडून घेतलेल्या तीस बाय पन्नासच्या प्लॉटचे सगळे कागद होते. बाबा जाऊन चार वर्षे झाली होती, जुन्या दोन खोल्यांच्या भिंतींना काळ्या मातीमुळे दर उन्हाळ्यात नव्या भेगा पडत होत्या, आणि आईला खाली व आम्हाला वर राहता येईल असे साधे एकमजली घर बांधायचे होते. तोवर ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला होता: आधी बांधून घ्या, नंतर नियमित होते. आपण तो सल्ला ऐकून घेतलात, त्यावर कोणाला बोल लावला नाहीत. फक्त महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधले कलम ५३ मला वाचायला दिलेत. विनापरवानगी बांधकामावर कोणती नोटीस येऊ शकते आणि त्यानंतर घरमालकाच्या हातात किती थोडे उरते, हे मी आपल्या ओट्यावर बसून पहिल्यांदा वाचले. नोकरीच्या काळात अशा नोटिसा घेऊन आलेली माणसे आपण रोज पाहत होतात, आणि ते सांगताना आपला आवाज खाली गेला होता, तो मला अजून आठवतो.

मग आपण पिशवीतले कागद चटईवर मांडलेत. विक्रीपत्र, सातबारा, डिमांड नोटच्या, म्हणजे शुल्काच्या मागणीपत्राच्या, पावत्या आणि नागपूर सुधार प्रन्यासचे आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचे पत्र, एका बाजूला; कर पावत्या, वीजबिले आणि नळाचा कागद दुसऱ्या बाजूला. दुसरा गठ्ठा पहिल्याच्या तिप्पट जाड होता आणि आमचा सारा धीर त्या जाड गठ्ठ्यावर होता. इतकी वर्षे कर भरतो आहोत, म्हणजे सगळे कायदेशीरच असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि मालकी असली तरी तेवढ्याने बांधकामाचा हक्क मिळत नाही, हे आपण त्या दोन गठ्ठ्यांवर हात ठेवून समजावलेत. शेतजमिनींचे तुकडे पाडून सोसायट्यांनी विकलेले आणि पुढे गुंठेवारीच्या २००१च्या कायद्याखाली नियमित झालेले लेआउट नागपूरकरांना नवे नाहीत; "आमचा प्लॉट एकोणीसशेमधला", म्हणजे अशा एकोणीसशे लेआउटांपैकी एकातला, असे आपल्याकडे नातेवाईक एकमेकांना सहज सांगतात. पण त्या एका वाक्यामागे कागदांच्या चार वाटा असतात, हे कोणी सांगत नाही. कर महापालिकेकडे, आरएल सुधार प्रन्यासकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे आणि सातबारा तलाठ्याकडे. या चारही ठिकाणी एकच माणूस, एकच क्षेत्रफळ आणि एकच प्लॉट क्रमांक दिसला पाहिजे, असे आपण म्हणालात. आमच्या कागदांत तीन ठिकाणी तीन नावे होती. विक्रीपत्रात बाबांचे पूर्ण नाव, आरएलवर नुसती आद्याक्षरे आणि आधार कार्डावर आडनावाचे वेगळेच लेखन.

पुढचे सात महिने या तीन नावांचे एक नाव करण्यात गेले, आणि त्या काळात आपण माझ्याकडून जे करून घेतलेत त्याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. आपली जुनी ओळख होती. एका फोनने काही पायऱ्या सोप्या झाल्या असत्या, असे मला तेव्हा वाटायचे आणि एकदा मी तसे बोललेही. आपण रागावला नाहीत. अर्ज मीच लिहायचा, आपण तो तपासायचा, हा नेम आपण शेवटपर्यंत मोडला नाहीत. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. त्रुटीपत्र आले की त्यातल्या मुद्द्यांना त्याच क्रमाने उत्तर द्यायचे. ज्या मुद्द्याची पूर्तता झाली नसेल तिथे तसे स्पष्ट लिहायचे. आणि कोणत्या दिवशी कोणत्या टेबलावर काय सांगितले गेले, ते त्याच संध्याकाळी वहीत टिपून ठेवायचे. विकास परवानगीच्या अर्जावर निर्णय देण्यासाठी कायद्यात साठ दिवसांची मुदत आहे, लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला आहे आणि माहितीचा अधिकार तर दहा रुपयांत वापरता येतो, हे सगळे आपणच मला शिकवलेत. पण अपुऱ्या अर्जावर मुदतीची भाषा करू नये, आधी आपली बाजू पूर्ण करावी, हेही त्याच बैठकीत सांगितलेत. वारसनोंदीच्या वेळी भावाबहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचे की नाही, हा आमच्या घरातला नाजूक प्रश्न होता. त्यात आपण मत दिले नाहीत. दोन्ही मार्गांचे परिणाम एका कागदावर लिहून आईच्या हातात दिलेत. आईने चौघांचीही नावे ठेवायचे ठरवले. पुण्याचा भाऊ आणि अमरावतीची बहीण सह्यांसाठी आले, तेव्हा बऱ्याच वर्षांनी आम्ही सगळे त्या जुन्या दोन खोल्यांत एकत्र जेवलो.

मोजणीचा दिवस मात्र कठीण गेला. समोरची बाजू तीस फूट भरायला हवी होती, ती एकोणतीस भरली. शेजाऱ्यांचे कुंपण कधीकाळी फूटभर आत आले होते. कोणाच्या हयातीत आले, ते त्यांनाही माहीत नव्हते. मी भांडायच्या तयारीत होते. आपण मला घरी नेऊन कागदावर हिशोब मांडून दाखवलात. मालकीच्या कागदावरचे, मोजणीतले आणि जागेवरचे, या तीन क्षेत्रफळांतले जे सर्वांत कमी, तेच परवानगीसाठी धरले जाते. म्हणजे १५०० चौरस फुटांऐवजी १४५०, मीटरमध्ये १३९.३५ ऐवजी १३४.७१. आमच्या भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा, १.१० धरला, तर हाती लागणाऱ्या बांधकामातला फरक पाच चौरस मीटरांच्या जरासा वर. साधारण पंचावन्न चौरस फूट, एका लहान स्वयंपाकघराएवढी जागा. तेवढ्यासाठी दावा लावायचा, वर्षानुवर्षे थांबायचे आणि आईला भेगाळलेल्या भिंतीखाली ठेवायचे, की आहे त्या जागेत घर बसवायचे, हे ठरवायला आपण मला एक रात्र दिलीत. आज त्या शेजाऱ्यांच्या तुळशीवरून आमच्या खिडकीत सकाळचे ऊन येते आणि त्या रात्रीच्या निर्णयाबद्दल मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

नकाशाची गोष्ट तर मी माझ्या वर्गातल्या मुलांनाही सांगितली आहे. पहिला नकाशा ज्यांनी काढून दिला, त्यांनी जिना आणि मागची मोरी सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, घेण्याचे सुचवले होते. कागदावर वेगळे दाखवू, बांधताना वेगळे बांधू, असे ते अगदी सहजपणे म्हणाले. आपण त्या नकाशावर काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दोरी, टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन प्लॉटच्या मोकळ्या भागात हजर झालात, आणि दोन तासांत तो नकाशा पूर्ण मापाने जमिनीवर उमटवलात. आईला हात धरून त्या पांढऱ्या रेषांतून फिरवलेत. मागच्या बाजूला भिंत आणि कुंपण यांच्या मधून आई तिरकी होऊनही जाईना, तेव्हा आपण तिला विचारलेत, "वहिनी, मे महिन्यात इथून हवा कुठून येणार?" सामासिक अंतर म्हणजे कार्यालयाने आपल्याकडून काढून घेतलेली जागा, असे मी समजत होते, ती आपल्याच घराची हवा, शेजाऱ्याचा उजेड आणि वेळ आली तर आग विझवायला येणाऱ्या माणसाची वाट असते, हे मला त्या फक्कीच्या रेषांनी कळले. तो नकाशा आम्ही परत केला. परवानाधारक अभियंत्याने नव्याने काढलेला नकाशाही आपण तसाच जमिनीवर उतरवून पाहिलात, आणि या वेळी आई स्वतः म्हणाली की जिना आणखी थोडा पुढे घ्या.

यानंतरची परवानगी खरोखर लवकर झाली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान निवासी भूखंडांसाठी बांधकामाच्या २०२०च्या एकत्रिकृत नियमावलीत सोपी कार्यपद्धती आहे, हे मी फार आधी ऐकले होते आणि त्या भरवशावरच निर्धास्त होते. ती सोय तंत्रज्ञाने प्रमाणित केलेल्या नकाशाची आहे, विस्कळीत कागदांची नाही, असे आपण पहिल्याच भेटीत बजावले होते. कागद सरळ असल्यामुळे नकाशा आणि शुल्क भरण्याचे काम इतक्या शांतपणे पार पडले की त्या दिवशी घरी येऊन मी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

जोत्याच्या वेळी कंत्राटदाराने पुढची भिंत नऊ इंच बाहेर घेण्याचा आग्रह धरला होता. आपण शहरात नव्हतात. मी स्वतः टेप धरला, मंजूर नकाशा त्याच्यासमोर उघडला आणि नाही म्हटले. तोपर्यंत अशा जागी मी कधी ठामपणे नाही म्हटलेले नव्हते. आपण परत आल्यावर जोता पाहायला आलात, चारही बाजू मोजल्यात आणि नुसती मान हलवलीत. ती मान हलवणे मला पुष्कळ झाले.

या दीड वर्षात आपण आमच्याकडून चहाखेरीज काही घेतले नाहीत. मानधनाचा विषय आईने काढला तेव्हा आपण मंजूर नकाशाची एक छायाप्रत तेवढी मागून घेतलीत. ती आपल्या कपाटात इतर कितीतरी घरांच्या नकाशांबरोबर ठेवलेली मी पाहिली आहे. त्यांतल्या कोणत्याही घरावर आपले नाव नाही. निदान आमच्या घरात ते रोज घेतले जाते, हे आपल्याला माहीत असावे.

एक विनंती आहे. आमच्याच लेआउटमधली दोन कुटुंबे मागच्या रविवारी आपापल्या पिशव्या घेऊन आमच्याकडे आली होती. चटई घालून मी त्यांचे कागद आपल्या पद्धतीने दोन बाजूंना लावले, वही कशी ठेवायची ते सांगितले आणि एकाचा आरएलसंबंधीचा अर्ज लिहूनही दिला. दुसऱ्या कुटुंबाच्या विक्रीपत्रात एकच प्लॉट दोघांच्या नावे अर्धा अर्धा आहे आणि मधली हद्द कुठेच लिहिलेली नाही. तिथे माझे ज्ञान संपते. आपल्याला चालणार असेल, तर येत्या रविवारी सकाळी त्यांना घेऊन येते. अर्ज त्यांच्याकडूनच लिहवून आणीन.

आपली,
मानेवाड्याची मास्तरीण